सुनेच्या खात्यातली एकशे बेचाळीस स्थळं

जबलपूरच्या चेरीतालमधल्या विष्णुपंत मोकाशींनी आयुष्यात दोनच कामं मन लावून केली. तहसील कचेरीत चौतीस वर्षं लोकांचे अर्ज तपासले, दुरुस्त केले, वेळ पडली तर स्वतः लिहूनही दिले. आणि निवृत्त झाल्यावर मराठी मंडळाच्या वधू-वर केंद्राचं दप्तर हाती घेतलं. पहिल्या कामाचा पगार मिळायचा, दुसऱ्यात पदरचा चहा जायचा, पण जीव सगळा दुसऱ्यात. कुणाची मुलगी पंचविशीची झाली की तिच्या आईबापांच्या आधी विष्णुपंतांची झोप उडायची. "जगातल्या सगळ्या पोरींचे बाप तुम्हीच काय?" असं त्यांची बायको सरोजिनीबाई विचारायच्या. त्यावर ते चष्मा पुसत बसायचे.

चौकशीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. स्थळ आलं की ते स्वतः गाडीत बसायचे, मुलाच्या गावी उतरायचे, आणि मुलाच्या घरी जाण्याआधी गल्लीतल्या पानवाल्याशी, किराणावाल्याशी, ऑफिसच्या गेटवरच्या चौकीदाराशी बोलून घ्यायचे. पण आता गुडघे कुरकुरू लागले होते, आणि लग्नाचे मुलगे तरी कुठे जवळ राहिले होते? एक बंगलोरला, एक हैदराबादला, एक पुण्याच्या कुठल्याशा बावीस मजली इमारतीत. तिथे कसला पानवाला आणि कसली चौकशी! मंडळात लोक म्हणू लागले की मोकाशी काकांचं आता वय झालं. हे ऐकून विष्णुपंत दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत.

अशा दिवसांत त्यांच्या हाती सुनेचं खातं लागलं.

सून क्षमा, नागपूरची. रसायनशास्त्रात एम.एस्सी. लग्नाआधी नागपूरजवळच्या एका औषध कंपनीत तपासणी विभागात होती. लग्नानंतर तेरा वर्षं घर, मुलगी, सासूची दोन ऑपरेशनं, आणि गेली चार वर्षं कांचघरच्या एका खाजगी शाळेत तात्पुरती शिक्षिका. नोकरी-धंद्यातले लोक जिथे एकमेकांच्या ओळखी करून घेतात, अशा एका साइटवर तिनं खातं उघडलं होतं. रोज संध्याकाळी स्वयंपाक उरकला की ती पुढच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर बसायची, औषधांच्या तपासणीबद्दल काहीबाही लिहायची, जुन्या ओळखी शोधायची. घरात त्याला सगळे "क्षमाचं ते" म्हणत. त्यात नेमकं काय आहे हे विचारायची गरज कुणालाच वाटली नव्हती.

आषाढात कांचघरच्या समृद्धीसाठी एक स्थळ आलं. मुलाच्या माहितीपत्रकावर त्याच साइटवरच्या त्याच्या पानाचा पत्ता छापला होता. विष्णुपंतांनी एका बोटानं तो पत्ता टाइप केला आणि पान उघडलं, कारण क्षमा त्या कॉम्प्युटरवरून कधी लॉग आउट करतच नसे. घरच्याघरी कशाला, असा तिचा हिशेब. माहितीपत्रकात मुलगा मोठ्या कंपनीत मॅनेजर होता. पानावर मात्र त्यानं स्वतःच लिहून ठेवलं होतं की नोकरी सुटून आठ महिने झाले, नव्या संधीच्या शोधात आहे. विष्णुपंतांनी समृद्धीच्या वडिलांना फोन केला. दुसऱ्या दिवशी समृद्धीची आई पेढे घेऊन आली आणि त्यांच्या पाया पडली. मंडळात पुन्हा मोकाशी काका, मोकाशी काका सुरू झालं.

माणसाला एवढं पुरतं. दुपारी क्षमा शाळेत, तिचा फोन शाळेच्या नियमानं प्राचार्यांच्या कपाटात, मुलगा अनुपम शहपुऱ्याच्या बँकेत, सरोजिनीबाई आडव्या झालेल्या. अकरा ते पावणेचार विष्णुपंत सुनेच्या नावानं जगभर चौकश्या करत फिरायचे. नुसती पानं बघून भागेना, तेव्हा ओळखीच्या विनंत्या पाठवू लागले, आणि विनंतीसोबत चिठ्ठीही: 'नमस्कार. गोत्र कोणते? मंगळ आहे काय? आहार शाकाहारी की कसा? कृपया कळवावे.' खाली नाव क्षमा अनुपम मोकाशी. बंगलोरच्या तीस वर्षांच्या मुलाला एका लग्न झालेल्या बाईनं त्याचा मंगळ विचारला तर त्याला काय वाटेल, हा विचार त्यांच्या डोक्यात आला नाही. केंद्राचं काम होतं, त्यात लपवण्यासारखं काय? तरी पावणेचारला ते सगळं पुसून टाकायचे. सूनबाईच्या जागेत आपला पसारा नको, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

बरीच मुलं कुतूहलानं होकार द्यायची. संध्याकाळी क्षमा फोन घेऊन त्यांच्यापाशी यायची. "बाबा, पहा न, आज अठरा जण जुडले. पुण्याचे, बंगलोरचे. मी तर इतक्यांना विचारलं पण नाही. लोक माझं लिहिलेलं वाचून राहिले वाटते."

"अच्छा? तुझं कामच तसं असेल," विष्णुपंत म्हणायचे.

तिचा चेहरा इतका खुलायचा की ते वाक्य खोटं आहे हे त्यांचं त्यांनाच आठवत नसे.

दिवाळीच्या आधी पुण्याच्या एका कंपनीतल्या वसुधा नावाच्या बाईंचा क्षमाला निरोप आला. औषधांच्या डब्यात जी माहितीच्या कागदाची घडी असते, ती तपासायचं काम. घरी बसून, जबलपूर न सोडता. दोन मुलाखती झाल्या, दोन्ही उत्तम. एकच अडचण होती, पूर्वीच्या नोकरीचा पुरावा. ती कंपनी केव्हाच बंद पडली होती, कागदपत्रं कुणाकडे गेली देव जाणे, आणि तिथले साहेब पांढरीपांडे सर दोन वर्षांपूर्वी वारले. पण वारण्याआधी क्षमाच्या विनंतीवरून त्यांनी तिच्या पानावर तिच्या कामाबद्दल आठ ओळी लिहिल्या होत्या. वसुधाबाई म्हणाल्या, तेवढं पुरेल. आमचे लोक ते तपासतील, वीस नोव्हेंबरच्या आत झालं पाहिजे.

सहा नोव्हेंबरला खातं बंद झालं.

क्षमा शाळेतून आली, फोन उघडला आणि दारातच थांबली. खात्यावर निर्बंध घातले आहेत, नियमांविरुद्ध वापर झाल्याचं आढळलं, ओळख पटवून द्या. तिचं पान आता कुणालाच दिसत नव्हतं. आठ ओळीही दिसत नव्हत्या. तिनं आधार कार्डाचा फोटो काढून पाठवला, स्वतःचा चेहरा कॅमेऱ्यासमोर उजवीकडे डावीकडे वळवून दाखवला, पासवर्ड बदलला. दोन दिवसांनी उत्तर आलं की तुम्ही तुम्हीच आहात हे पटलं. पण तुमच्या खात्यातून अनोळखी लोकांना भराभर विनंत्या गेल्या आणि पुष्कळांनी तक्रार केली, तेव्हा खुलासा करा.

"मी काहून पाठवीन?" क्षमा म्हणाली. "कोणी घुसलं असेल त्याच्यात. तुम्ही तर त्या कॉम्प्युटरवर फक्त मंडळाचंच काम करता न, बाबा?"

"फक्त मंडळाचं," विष्णुपंत म्हणाले. शब्दाला शब्द खरा होता.

मग तिनं ते मागितलं, जे त्या घरात कुणीही मागितलं असतं. "बाबा, अर्ज तुम्ही लिहून द्या. तुमच्यासारखा कोणाला जमते? मी इंग्लिश करून टाकीन."

तहसीलमध्ये म्हणायचे की मोकाशीबाबूंनी लिहिलेला अर्ज परत येत नाही. विष्णुपंतांनी पाटी मांडीवर घेतली, कागदाला समास सोडला आणि कचेरीच्या हिंदीत लिहिलं: 'सविनय निवेदन है कि प्रार्थिया के अतिरिक्त उक्त खाते का उपयोग किसी अन्य व्यक्ति ने कदापि नहीं किया है।' म्हणजे अर्जदार सुनेखेरीज ते खातं दुसऱ्या कुणीही वापरलेलं नाही. कदापि हा शब्द कुणी मागितला नव्हता. तो हाताच्या सवयीनं आला. लिहून झाल्यावर त्यांनी तो वाचून दाखवला आणि क्षमा म्हणाली, "वा बाबा, एकदम पक्का." त्या क्षणी सांगायला हवं होतं. त्यांना ते कळलंही. पण मागून सरोजिनीबाई म्हणाल्या, "चलो, झालं न, जेवून घ्या आता," आणि सगळे जेवायला उठले.

त्या दिवसापासून विष्णुपंत आपल्याच घरात चोरासारखे राहू लागले. क्षमा समोर आली की पेपर उचलायचे, ती कॉम्प्युटरवर बसली की अंगणात जायचे. मंडळातून फोन यायचे, काका, त्या हैदराबादच्या मुलाचं काय झालं? काका म्हणायचे, साइट बंद आहे. सांगितलं तर सुनेच्या नजरेतून उतरणार, आणि ही गोष्ट मंडळात पोचायला दोन दिवस लागणार नाहीत. नाही सांगितलं तर पोरीचं काम जाणार. दोन्हीकडून दार बंद, आणि कडी त्यांनीच घातलेली. चिडावं तरी कुणावर? ते त्या तक्रार करणाऱ्या पोरांवर चिडून बघायचे. मंगळच तर विचारला होता.

पण त्यांना आतून पोखरत होतं ते वेगळंच, आणि ते तेरा वर्षं जुनं होतं. अनुपमसाठी क्षमाचं स्थळ आलं तेव्हा ते तिचीही चौकशी करायला गेले होते, थेट कंपनीत. पांढरीपांडे सरांनी त्यांना केबिनमध्ये बसवून चहा पाजला होता आणि म्हणाले होते, "लग्न अवश्य करा. पण मोकाशी साहेब, तिची नोकरी सोडवू नका. असं काम करणारं माणूस मला बारा वर्षांत मिळालं नव्हतं. जबलपूरला सोय होत नसेल तर मला सांगा, मी ओळखीनं लावून देतो." विष्णुपंत घरी आले आणि म्हणाले, मुलगी उत्तम आहे, साहेबांनी तारीफ केली. लांबलचक अर्जाचा चार शब्दांत गोषवारा करायची त्यांना सवयच होती, आणि गोषवाऱ्यात गैरसोयीचं काही ठेवत नाहीत. सरांना त्यांनी कधी काही कळवलं नाही. क्षमालाही नाही. आता त्याच सरांच्या आठ ओळी त्यांच्याच करणीनं गाडल्या गेल्या होत्या.

अर्ज नामंजूर झाला. मोकाशीबाबूंचा अर्ज, आणि नामंजूर! उत्तरात लिहिलं होतं की विनंत्या तुमच्या नेहमीच्याच कॉम्प्युटरवरून गेल्या आहेत, तेव्हा कुणीच वापरलं नाही हे पटत नाही. दुसऱ्या कुणी वापरलं असेल तर कुणी, कसं, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं ते सांगा. ही शेवटची संधी आहे.

क्षमानं ते तीनदा वाचलं. अनुपमला विचारलं. तो बूट काढत म्हणाला, "माझ्याजवळ श्वास घ्यायला टाइम नाही, क्षमा. आणि जाऊ दे न, शाळा तर आहे." रात्रीच्या पोळ्या तिनं मुकाट्यानं केल्या, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती कॉम्प्युटरकडे फिरकलीच नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून पलंगाच्या कडेवर बसली होती.

"बाबा," ती म्हणाली, "मला तर आता वाटून राहिलं, मीच पाठवल्या असतील. ध्यानात नसेल. इतकी वर्षं झाली, डोकं गंजलं असेल माझं."

विष्णुपंतांना हे सहन झालं नाही. तिनं त्यांना शिव्या घातल्या असत्या तर चाललं असतं. ती स्वतःच्या डोक्यावर संशय घेत होती, ज्या डोक्यासाठी एक माणूस बारा वर्षं थांबला होता. तरीही त्या संध्याकाळी ते बोलले नाहीत. हिंमत गोळा करायला त्यांना आणखी एक दिवस लागला.

रविवारी दुपारी ते स्वतःच पुढच्या खोलीत आले. अंगात धुतलेला सदरा होता. "क्षमा, बस. शेवटचा अर्ज आहे न, मी सांगतो, तू सरळ टाइप कर."

"कागदावर नाही लिहिणार?"

"नाही. कागदावर लिहिलं तर मी फाडून टाकीन."

तिला ते गमतीचं वाटलं. हसून तिनं कीबोर्ड ओढला. विष्णुपंत तिच्या मागे उभे राहिले, म्हणजे चेहरा दिसणार नाही. कचेरीतल्या आवाजात त्यांनी सुरुवात केली.

"सविनय निवेदन है कि मैं, विष्णुपंत मोकाशी, उम्र इकहत्तर वर्ष, निवासी चेरीताल, जबलपूर, प्रार्थिया का ससुर हूँ."

"तुमच्या नावानं काहून, बाबा?"

"लिही तू. कि मैंने प्रार्थिया की जानकारी और अनुमति के बिना, जुलाई से लेकर नवंबर तक, उसके खाते का उपयोग किया."

टकटक थांबली. क्षमा वळली नाही. तिची मान ताठ झालेली विष्णुपंतांना मागून दिसली, आणि त्यांना वाटलं, आता ही उठेल, आत जाईल, दार लावून घेईल.

"पुढे सांगा," ती म्हणाली.

त्यांनी सांगितलं. विवाह योग्य युवकों की जानकारी हेतु. एक सौ बयालीस व्यक्तियों को. प्रत्येक दिन संदेश मिटाए. पूर्व आवेदन में असत्य कथन भी मैंने ही लिखा. प्रार्थिया पूर्णतः निर्दोष है. एकेक वाक्य ती इंग्रजीत करत गेली, एकही शब्द न वगळता. शेवटी त्यांनी सांगितलं की या कॉम्प्युटरवरून खातं बाहेर काढलं आहे, आणि यापुढे क्षमाच्या फोनवर येणाऱ्या आकड्यांशिवाय ते कुणालाही उघडता येणार नाही. हे तिनंच आठवडाभरापूर्वी करून ठेवलं होतं. तिनं अर्ज पाठवला आणि मग खुर्ची फिरवली.

"एकशे बेचाळीस?"

"हो."

"म्हणजे ते लोक माझं वाचून नव्हते जुडले."

विष्णुपंतांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"किती लग्नं जमली?"

"दोन. मंडळातल्या प्रणोतीचं, आणि ती शहपुऱ्याची मुलगी."

"त्या दोघी नोकरी करतील की नाही, हे विचारलं होतं काय त्या पोरांना? गोत्र, मंगळ, सगळं विचारलं न?"

"नाही," विष्णुपंत म्हणाले. "ते नाही विचारलं."

क्षमानं मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज अगदी शाळेतल्या बाईंसारखा सरळ राहिला. "इतके महिने बसले होते तिथं तुम्ही. एवढ्या लोकांची पानं पाहिली. माझं पाहिलं काय कधी?"

तिचं पान एका क्लिकवर होतं, कोपऱ्यातल्या तिच्या फोटोवर बोट ठेवायचा अवकाश. सुनेची चौकशी तेरा वर्षांपूर्वीच उरकली होती. त्यात पुन्हा काय बघायचं? खरं सांगायचं तर त्यांना ते कधी सुचलंच नव्हतं.

"चहा ठेवते," म्हणून ती उठली.

खातं चोवीस तारखेला उघडलं. वसुधाबाईंनी वीसपर्यंत वाट पाहिली, वर दोन दिवस आणखी थांबल्या, आणि मग ते काम दुसऱ्या कुणाला दिलं. फोनवर त्या फार चांगलं बोलल्या, पुढच्या वेळी नक्की म्हणाल्या. क्षमानं ही बातमी घरात सगळ्यांना एकदाच सांगितली, आणि सकाळी नेहमीप्रमाणे डबा घेऊन शाळेत गेली. घरात ती कुणाला टाकून बोलली नाही. मंडळातही कुणाला काही कळलं नाही, म्हणजे तिनं कळू दिलं नाही. हे विष्णुपंतांना शिक्षेपेक्षा जड गेलं.

आठवड्यानं ते तिच्यापाशी गेले. "क्षमा, तुझं ते पान मला पाहता येईल काय? पांढरीपांडे साहेबांनी काय लिहिलं आहे ते वाचायचं आहे."

तिनं त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं, ते विष्णुपंतांना कळलं नाही. सरांनी त्या आठ ओळींत केबिनमधल्या चहाचाही उल्लेख केला असेल काय? मुलीच्या सासऱ्यांना मी सांगितलं होतं, असं लिहिलं असेल काय? म्हणजे ही पोर दोन-तीन वर्षं सगळं माहीत असून आपल्याला वाढत होती?

"आता सगळ्यांना नाही दिसत ते," क्षमा म्हणाली. "ज्यांना मी जोडलं, त्यांनाच दिसते. तुम्ही तुमचं खातं उघडा, बाबा, आणि मला विनंती पाठवा."

विष्णुपंतांनी खातं उघडलं. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहावं याचा तासभर विचार करून शेवटी तो रिकामा सोडला. एका बोटानं सुनेचं नाव शोधलं आणि विनंती पाठवली. सोबत चिठ्ठी लिहायला जागा होती. तिथे त्यांनी 'सविनय' एवढा एक शब्द लिहिला आणि पुढे काही सुचेना, म्हणून तेवढाच गेला.

त्याला आता पाच आठवडे झाले. क्षमा रोज त्यांना गोळ्या देते, चहात साखर नाही ना ते बघते, संध्याकाळी त्याच खोलीत बसून आपलं लिहीत असते. विष्णुपंत रोज दुपारी कॉम्प्युटर लावतात. विनंती पाठवली आहे, उत्तराची प्रतीक्षा, असं तिथे लिहून येतं. ते थोडा वेळ वाचतात आणि कॉम्प्युटर बंद करतात. तिला विचारायची त्यांची हिंमत होत नाही.